प्रेताचा पगार आणि आईची सुट्टी

तीर्थस्वरूप मामा यांस,

साष्टांग दंडवत. गुडघा कसा आहे? मामींनी तुमचं गोड बंद केल्याचं कळलं, म्हणजे तब्येत उत्तम आणि मनःस्थिती वाईट असणार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, निदान कायद्याच्या दृष्टीने तरी.

माझा सिनेमा आता शेवटच्या एका दृश्यावर येऊन ठेपलाय. स्कूटर विकून सिनेमा काढणाऱ्या भाच्याला तुम्ही कोणत्या शब्दांत आशीर्वाद दिलात ते मी विसरलेलो नाही (मामीही नाहीत). आपलंच घर, आपलीच माणसं, पैसे जमतील तसे, असा माझा सुटसुटीत बेत. पण एका थिएटरवाल्यांनी रविवार सकाळचा खेळ कबूल केला तो एका अटीवर: काम केलेल्या प्रत्येकाशी करार हवा आणि प्रत्येकाचा पगार चुकता हवा. मग त्यांच्या वकीलबाई आल्या. चष्मा पुसत म्हणाल्या, प्रेमापोटी फुकट राबणं नात्यात चालतं, कायद्यात नाही. सगळ्यांना किमान वेतन, जादा तासांचे दुप्पट आणि आठवड्याला एक सुट्टी. मी म्हटलं, बजेटच किमान आहे, वेतन आपोआप होईल! बाई हसल्या नाहीत. शेवटी मी लग्नाचा प्रसंग कापला, नवरानवरीला पळून जायला लावलं, तेव्हा कुठे पैसे बसले.

बाबा सिनेमात प्रेत आहेत. मुलाकडून पैसे घेणार नाही म्हणून आधी ताठ बसले. मग लाइटवाल्याने सांगितलं, दर सगळ्यांना सारखाच आहे. तेव्हापासून ते घड्याळ लावून मरतात, आणि शॉट लांबला की मेल्या मेल्याच एक डोळा उघडून ‘जादा तास लिही रे’ म्हणतात.

राहिली आई. युनिटचं दोन वेळचं जेवण तिच्याकडे, म्हणजे तीही कामगार. तिला हे इतकं लागलं! माझ्याच घरात मी नोकरीला का, म्हणून सही करेना. माझ्याशी बोलणं बंद (वाढणं चालू). एका सहीपायी अख्खा सिनेमा अडला, माझ्या तोंडचं पाणी पळालं. अखेर वकीलबाईच स्वयंपाकघरात जाऊन करार वाचू लागल्या. सुट्टीचं कलम आलं तशी आईने गॅस बंद केला.

‘‘म्हणजे त्या दिवशी मला कोणी काही विचारायचं नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘मीठ कुठे आहे, हेसुद्धा?’’

‘‘हेसुद्धा नाही.’’

आईने तिथल्या तिथे सही ठोकली आणि गुरुवारची सुट्टी टाकली. गुरुवारी आमचं शेवटचं दृश्य आहे, सगळं युनिट जेवायला! पण मामा, खरं सांगतो, पगार सुरू झाल्यापासून कोणी उशिरा येत नाही, उपकार केल्याचा आव आणत नाही, आणि मलाही कोणापुढे ओशाळावं लागत नाही. हा सिनेमा पुरा होणार, असं मला पहिल्यांदाच वाटतंय.

मामींना नमस्कार.

आपला,
दिग्दर्शक (घरात ठोंब्या)

ता. क. तुम्ही वीस वर्षं कँटीन चालवलंत, हे मी वकीलबाईंच्या कानावर घातलंय. गुरुवारचा करार सोबत आहे. ‘भाच्याकडून पैसे?’ वगैरे काही चालायचं नाही, सही करून सकाळीच या. मीठ कुठे असतं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नाही, तेव्हा येताना आणा.

आणखी ता. क. सुट्टी असली तरी आई घरीच असेल. कॅमेऱ्याशेजारी खुर्ची टाकून बसणार म्हणते. इतक्या शूटिंगमध्ये तिने एकही शॉट पाहिलेला नाही. ओट्याजवळून दिसत नाही म्हणे. काहीही करपलं, उतू गेलं, तरी तिला हाक मारू नका.