जमिनीतल्या दोन जाळ्या

अल ऐन
१२ डिसेंबर २०२४

चि. सुजीत यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळून सतरा दिवस झाले. मी तुझा नंबर ब्लॉक केलाय म्हणून पोस्टाने लिहिलंस, ते बरं केलंस. इथे सगळं ठीक आहे. सकाळी शाल घ्यावी इतपत थंडी आहे. इरा दहावीत आहे, उंचीने मला मागे टाकलंय. माझ्या शाळेला परवापासून सुट्टी.

कराडची हवा तुला मानवलेली दिसते, निदान अक्षर तरी सुधारलंय. बसबॉडीच्या कारखान्यात पत्रे ठोकायला इंजिनिअर लागतो, की त्यांनी दया म्हणून ठेवून घेतलंय, ते काही तू लिहिलं नाहीस.

तुझ्या अकरा पानांतली चार पानं कॅरॅव्हॅनमधल्या गॅसच्या हीटरची आहेत, आकृत्यांसकट. रोज झोपण्याआधी तो हीटर मनातल्या मनात उघडतोस, पुन्हा जोडतोस आणि चूक सापडत नाही, असं लिहिलंयस. तरी शेवटी कबुली दिलीस: 'चूक माझीच, वहिनी. माझ्या हातून दादा गेला. क्षमा करा.' आणि मागणं एकच. राजनला मुलगा नाही, तेव्हा वर्षश्राद्धाला धाकट्या भावाला बसू द्या. तेराव्याला आईंनी तुला पुण्याच्या घराच्या जिन्यातूनच परत पाठवलं होतं, तसं या वेळी होऊ नये.

त्यावर येतेच. आधी कॅरॅव्हॅनचं सांगते. तिचं काय झालं हे विचारायची तुझी हिंमत झाली नाही, पण विचारायचं होतं हे मला कळतं.

मार्चमध्ये ती भंगारात दिली. ज्या शारजाच्या यार्डातून तू आणि राजनने ती ओढून आणली होती, तिथलाच माणूस आला. त्याने दार उघडून आत पाहिलं आणि मला म्हणाला, "मॅडम, ये काम किसने किया? बहुत सफाई है." मी म्हटलं, "पता नहीं." त्याने यल्ला, चला, म्हणून साखळी लावली आणि घेऊन गेला.

सफाई होती हे खोटं नाही. १९७८ सालचा तो अल्युमिनिअमचा डबा आपल्या व्हिलाच्या आवारात आला तेव्हा त्याच्या लाकडी सांगाड्याचा हाताने भुगा होत होता. दोन वर्षं प्रत्येक सुट्टीच्या दिवशी तू तो आतून सोलत होतास. कुजलेली जमीन उपटलीस, बोटीला वापरतात ते प्लाय घातलंस, पत्र्याचा एकेक रिव्हेट बदललास. इराचा बिछाना सहा इंच जास्त लांब केलास, ती वाढेल म्हणून. राजन खुर्ची टाकून चहा पीत बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "आम्ही स्वतः बनवतोय." तू कधी त्याला दुरुस्त केलं नाहीस. तुझ्या या सवयीची मला तेव्हाही चीड यायची. माणसाने आपल्या मेहनतीवर हक्क सांगावा. तू सगळ्यांना सगळं घेऊ देतोस.

पडदे मी शिवले, गाद्यांना अभ्रे मी घातले, एवढा माझा वाटा. आणि पुसणं. वीस वर्षं या देशात मी दुसरं केलंय काय? वादळाचा मेसेज आला की दाराच्या फटीला ओला टॉवेल आणि खिडक्यांच्या कडांना एसीची चंदेरी टेप. व्हिलात येण्याआधी बिल्डिंगमध्ये राहत असताना बायका माझं घर बघायला यायच्या, वाळूचा कण सापडायचा नाही म्हणून. तुला ठाऊक आहे. तू माझ्या स्वयंपाकघरात मोजे काढून यायचास.

तुझ्या सातव्या पानावर एक प्रश्न आहे. 'जमिनीत दोन जाळ्या ठेवल्या होत्या, त्या हीटर चालू असताना उघड्या असायला हव्यात, हे मी तुम्हाला सांगितलं होतं का? मला आठवत नाही. सांगितलं नसेल तर तोही माझाच दोष.'

सांगितलं होतंस, सुजीत. दोनदा सांगितलंस. एकदा गुडघ्यावर बसून बोट लावून दाखवलंस: "वहिनी, इथून हवा येणार, वरच्या झाकणातून जाणार. या दोन जागा तेवढ्या सोडा, बाकी काय पुसायचं ते पुसा." मी हो म्हटलं होतं. मी दुसऱ्याच विचारात होते, असं मी स्वतःला बरेच महिने सांगत आले. खरं असं की मला ऐकू आलं होतं आणि पटलं नव्हतं. तू तीन रात्री हीटर लावून आत झोपून दाखवलंस, त्यानंतर मला वाटलं, आता काय व्हायचंय. निघायच्या आदल्या दिवशी नव्या अभ्र्यांवर बोट फिरवलं तर वाळू. जाळ्यांमधूनच येत होती. मी जुन्या ओढणीचे बोळे दोन्हीकडे दाबून बसवले आणि वरून टेप लावली. छतावरचं झाकणही आवळून घेतलं. छान झालं काम. तुझ्याइतकंच सफाईचं.

तुला ड्यूटी होती म्हणून तू आला नाहीस. आम्ही तिघं आणि शेजारचे याकूबभाई, फिरदोस वाळवंटात मुक्कामाला गेलो, त्यांचा तंबू होता. राजनच्या घोरण्याला कंटाळून मी आणि इरा फिरदोसच्या तंबूत झोपायला गेलो. हे तू तपासात ऐकलंसच. पुढचं ऐकलेलं नाहीस.

सकाळी चहासाठी उठवायला मी गेले. दार उघडलं. राजन आडवा होता, चेहरा लाल, एखाद्या निरोगी माणसाचा असतो तसा. हीटरचा विषारी वायू आत कोंडला होता, हे मला तत्क्षणी कळलं. मी त्याच्याकडे गेले नाही. मी आधी खाली वाकले, टेप ओढून काढली, बोळे काढले, सगळं जॅकेटच्या खिशात कोंबलं, झाकण उघडलं. मग ओरडले. राजनचा हात तेव्हा गार होता की गरम, हे मला सांगता येणार नाही. मी बघितला नाही.

म्हणून तपासाला आलेल्यांना जाळ्या उघड्या सापडल्या. हवा येत-जात होती, मग माणूस गेला कसा? हीटर चुकीचा जोडला असणार. तो कुणी जोडला? तू पुढे होऊन म्हणालास, "मी." कंपनीने तुझा व्हिसा रद्द केला. तुझ्या हीटरमध्ये काहीही चूक नव्हती. आता तो मनात उघडणं बंद कर.

हे वाचून तुला वाटेल की निदान आईंना तरी वहिनीने आता सांगावं. सांगितलंय. जुलैत पुण्याला गेले होते तेव्हा. त्या वाल सोलत होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ सोलतच राहिल्या. मग म्हणाल्या, "इराचा बाप गेला. आता तिची आई तिच्यापासून काढू नकोस. सुजीतला सवय आहे सोसायची, लहानपणापासून. त्याच्यावरच राहू दे." आणि मला कुकर लावायला सांगितला.

ऑगस्टमध्ये तू त्यांना फोन केलास, तेव्हा त्या म्हणाल्या ना, की मला एकच मुलगा होता आणि तो गेला? मी शेजारीच बसले होते. माहीत असताना म्हणाल्या. फोन ठेवल्यावर दोन दिवस जेवल्या नाहीत, पण तुला परत फोन लावला नाही. मीही त्यांना लावा म्हटलं नाही. मला बरं वाटलं होतं.

राहता राहिली इरा. आजीने, मी, सगळ्यांनी सांगूनही तिचा तुझ्यावरचा विश्वास जात नव्हता. गेल्या महिन्यात जेवताना एकदम म्हणाली, "मम्मा, काका चेक्स एव्हरीथिंग थ्री टाइम्स. समथिंग एल्स हॅपन्ड." माझी पोळी तव्यावर करपली. पुन्हा दोन दिवसांनी तेच. मग तुझं पत्र आलं, तुझ्या हस्ताक्षरात, 'माझ्या हातून दादा गेला.'

सातवं पान काढून घेतलं आणि बाकीचं पत्र मी तिला वाचायला दिलं.

तिला मराठी वाचायला वेळ लागतो. तासभर खोलीत होती. बाहेर आली ती डोळे सुजवून, आणि म्हणाली, "ही ॲडमिटेड इट. आय डोन्ट वॉन्ट टू सी हिम एव्हर." मी तिला जवळ घेतलं. त्यानंतर तिने समथिंग एल्स हा विषय काढलेला नाही. तू दिलेलं सगळ्यात मोठं दान ते, आणि तुला न विचारता मी घेतलं.

मग तुला हे का लिहितेय? पश्चात्ताप म्हणू नकोस, तो माझ्याकडे असता तर मी इराला लिहिलं असतं. ज्याच्यावर ढकललं त्यालाच खरं माहीत नाही, एवढंच मला सहन होईना, आणि ज्याच्याकडून धोका नाही असा तू एकटा आहेस. हे पत्र हाताने लिहिलंय, खाली पूर्ण नाव आहे. इराला पाठवलंस तर मला नाकारता येणार नाही. तू पाठवणार नाहीस. तिच्याकडे आई राहावी म्हणून तू गप्प बसशील, आईंना हे माहीत होतं, मलाही आहे. जराशी शंका असती तर एक ओळही लिहिली नसती.

महिन्याच्या अखेरीला तिथी आहे, आम्ही पुण्याला येतोय. श्राद्धाला चुलतभाऊ किसन बसेल, त्याला सांगून झालंय. तू येऊ नकोस. आलास तर इरा दारात असेल, आणि जे काही बोलायचं ते तीच बोलेल.

उत्तरही पाठवू नकोस. तू मला क्षमा करशील, आणि ते वाचून मला पुन्हा झोप लागायला लागेल. तेवढी सवलत तरी मला देऊ नकोस.

अनुपमा राजन धामणकर