भडकलेल्या पेशी

मंगळवार, ४ मार्च
दात घासले की बेसिन लाल! दातांच्या डॉक्टरीणबाईंनी आज हिरडीत टोकदार सळई खुपसली. म्हणाल्या, "पार सुजल्यात. रक्त द्याल? अभ्यास चाललाय आमचा." फुकट म्हटल्यावर दिलं. तुलनेला निरोगी माणूसही हवं होतं. सोबत ही होतीच. "काही त्रास?" "छे." झाली निरोगी.

बुधवार, १२ मार्च
रिपोर्ट आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. माझ्या म्हणे भडकलेल्या. कारण नसताना हातघाईवर येतात आणि आपल्याच हिरडीची नासधूस करतात. हिच्या पेशी मात्र थंडगार. "अगदी गरीब गाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मला एकदम हलकं वाटलं. म्हणजे मी तापट नाही, रक्तच तसं आहे.

गुरुवार, १३ मार्च
दुकानात गिऱ्हाईक रंगाचा फोडलेला डबा परत घेऊन आलं. झाप झाप झापलं. मग रिपोर्ट दाखवला.

शनिवार, १५ मार्च
ही म्हणाली, "अहो, दादांना फोन करा ना आता." दादाने माझी शिडी नेली, पायरी मोडून आणली, वर म्हणतो मोडकीच होती! वर्ष झालं, बोलणं बंद. त्यापायी हिचं जावेशीही बंद – आणि दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. म्हटलं, "आधी पेशी शांत होऊ देत." ही उलटून कधीच बोलत नाही. भांडी जरा जोरात घासली.

रविवार, १६ मार्च
भांडी आणखी जोरात.

शुक्रवार, २१ मार्च
डॉक्टरीणबाईंचा फोन. आमच्या दोघांच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या. गरीब गाय मी! "तुमच्या हिरड्या नुसत्या आळसाने सुजल्यात. नीट घासा. भडकलेल्या पेशी बाईंच्या आहेत. त्यांना लगेच घेऊन या."

हिला विचारलं, "तुझंही रक्त येतं?"

"येतं की. केव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमचं ओरडणं संपलं की सांगणार होते."

रात्री जेवण गेलं नाही. हिच्याकडे बघायची भीती वाटली, आणि वाईटही वाटलं.

शनिवार, २२ मार्च
दादाला फोन केला. म्हटलं, नवी शिडी घेतोय, लागली तर ने. त्याने फोन वहिनीकडे दिला, मी हिच्याकडे. हिने आत जाऊन दार लावलं. मग आतून आवाज चढला – हिचा! इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ऐकला. सगळं माझ्याबद्दलच. बाहेर गुपचूप बसून ऐकतोय.