जेवताना खरे बोलण्याविषयी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, गल्लीच्या टोकाच्या घरात राहणारी, एका लेथ कारागिराची विधवा आणि तीन मुलांची आई, हे मृत्युपत्र स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री शेजारच्या डॉक्टरांनी केली आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला, एक वजाबाकी घातली, आणि मग रविवारी जेवणात काय आहे तेही विचारले. शेवटचा प्रश्न वैद्यकीय होता असे मला वाटत नाही. गुडघे गेले आहेत, डाव्या डोळ्याने धूसर दिसते, आणि जिभेचे काय झाले ते पुढे येईलच. याआधी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

वकिलांनी बजावले आहे की मृत्युपत्रात काय कोणाला ते लिहावे, का ते लिहू नये. त्यांचे मी ऐकून घेतले. पण माझ्यामागे भांडण होईल ते ‘का’ वरूनच होईल, म्हणून तेही लिहिते.

१. थोरल्या मुलाला त्याच्या वडिलांचा कारखाना, लेथ आणि सगळी हत्यारे आम्ही हयातीतच दिली. त्याने तो धंदा नावारूपाला आणला, याचा मला अभिमान आहे. बँकेत जे असेल त्यातून माझ्या आजारपणाचा आणि शेवटचा खर्च भागवावा. उरेल ते लेकीला.

२. लेकीला बिडाची कढईही द्यावी. ती साबणाने घासायची नाही. गरम पाण्याने धुवावी, आचेवर कोरडी करावी आणि तेलाचा हात फिरवून ठेवावी. तिच्या घरी न चिकटणारे तवे आहेत आणि त्यांना सगळेच चिकटते, हे मी आजवर बोलले नव्हते.

३. माझ्या नणंदेने तिच्याकडे पाहुणे आले तेव्हा आमचे सगळ्यांत मोठे पातेले नेले. त्याचे झाकण परत आले, पातेले आले नाही. विचारले की म्हणते, “वहिनी, मी कधीच दिलं की!” ते झाकण तिला देण्यात यावे, म्हणजे निदान जोडी तरी एका घरात नांदेल.

४. आता घर. पण त्याआधी या घरातला एक नियम सांगावा लागेल.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याने नियम घातला, की जेवताना अन्नाला नावे ठेवायची नाहीत. जो ठेवील त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. माझा हात तेव्हा बसलेला नव्हता. काही ना काही करपायचे, आणि सासूबाईंच्या तोंडाला लगाम नव्हता. त्यांच्यापासून मला वाचवायला त्याने हे केले. त्या माणसावर माझा जीव जडला तो तेव्हाच. पुढे मुलेही याच नियमात वाढली. अळणी असो की जळके, मुकाट्याने खायचे आणि उठताना “छान झालं होतं” म्हणायचे. पाहुण्यांना वाटायचे, काय गुणी पोरे आहेत. गुणी होतीच.

५. नवरा गेल्यानंतरच्या हिवाळ्यात मी तापाने फणफणले. ताप उतरला, पण जाताना वास आणि चव दोन्ही घेऊन गेला. कांदा आणि सफरचंद तोंडात सारखेच लागू लागले. मला वाटले, येईल हळूहळू परत. तोवर वर्षअखेरची सुट्टी आली आणि नेहमीप्रमाणे सगळे माझ्याकडे जेवायला जमले. बेतही नेहमीचाच होता: लसूण आणि लिंबू चोळून भाजलेली कोंबडी, तिच्याच रसात शिजलेले बटाटे, पांढऱ्या घेवड्याचा दाट रस्सा आणि गरम पाव. हात सवयीने चालत होते. पण रश्श्यात मीठ घातले की नाही ते आठवेना आणि चाखून कळेना, म्हणून परत घातले. बहुतेक त्यानंतरही एकदा घातले.

सगळे टेबलाभोवती बसले. पहिला घास घेतला आणि बोलणे थांबले. थोरला पाणी प्यायला, मग लेक, मग जावयांनी पाण्याचा जगच आपल्याकडे ओढला. नातीने तोंड उघडले तेवढ्यात थोरल्याने, म्हणजे तिच्या बापाने, टेबलाखालून तिचा पाय दाबला. ते मला दिसले, पण वाटले, पोर काही आगाऊपणा करत असेल. एकाच्याही ताटात काही उरले नाही. लेक म्हणाली, “आई, तुझ्या हाताची चव कुठे म्हणून नाही गं.” तिच्या डोळ्यांत पाणी होते. मी ते मायेचे समजले.

भांडी घासताना धाकटी सून माझ्याजवळ येऊन उभी राहिली. धाकटा तिला सोडून गेला त्याला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. त्याने दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटला होता, आणि ही मागच्या खोलीत खाली मान घालून दिवस काढत होती. या घरात मला दुखवणे कोणाला परवडणारे नव्हते, तर ते तिला. तीच म्हणाली, “आई, रस्सा फार खारट झाला होता. तोंडात धरवत नव्हता.”

“मग कोणी बोललं का नाही?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“आणि तुला चालतं होय, मला वाईट वाटलेलं?”

“नाही चालत,” ती म्हणाली. “पण गप्प बसले तर परत तसंच होईल. आणि उद्याचा स्वयंपाक माझ्याकडे, ते ठाऊक आहे मला.”

मी ओट्याला टेकून रडले. मला राग आला नव्हता, सुटल्यासारखे वाटले होते. जेवणात काहीतरी बिनसले आहे हे मला त्या शांततेवरून आत कुठेतरी कळत होते, फक्त काय ते कोणी सांगत नव्हते.

६. बाकीच्यांनी त्या रश्श्यावरून एकमेकांना फोन केले. आईचे काही खरे नाही, तिला भ्रम होतो, एकटी आचेपाशी नको, असे ठरले. हे सगळे प्रेमापोटीच झाले, यात मला शंका नाही. लवकरच थोरला एका दलालाला घेऊन आला. मी बटाटे सोलत होते आणि तो गृहस्थ टेप लावून माझे स्वयंपाकघर मोजत होता.

थोरला म्हणाला, “आई, तू आता माझ्याकडे ये. किती दिवस शेगडीशी झटणार?”

“आणि धाकटी?”

“तिचं ती बघेल. तिला माहेर आहे ना?”

धाकटी भाजीची पिशवी घेऊन दारातच उभी होती. तिने सगळे ऐकले. आत येऊन कांदे टोपलीत ओतले. मी दलालाला सांगितले की घर विकायचे नाही, आणि आलाच आहात तर जेवून जा. तो जेवून गेला. त्या दिवसापासून विक्रीचे नाव माझ्यासमोर कोणी काढले नाही. पण “आई गेल्यावर बघू” हे मी दोनदा माझ्या कानांनी ऐकले आहे. माझे कान शाबूत आहेत, हेही डॉक्टरांनी तपासले आहे.

त्यानंतर या घरात प्रत्येक जेवण आम्ही दोघींनी केले. कांदा झाला की नाही ते मला त्याच्या आवाजावरून कळते, कोंबडी झाली की नाही ते हाडाचा सांधा हलवून कळते. चव मात्र ती बघते. चमचा तोंडात घालते आणि एकच शब्द बोलते, “थोडं,” किंवा “पुरे,” किंवा “लिंबू.” आम्ही लिंबावरून भांडतोही. तुम्ही म्हणू लागलात की आई पुन्हा पहिल्यासारखी झाली. आईच्या हाताची म्हणून ज्या चवीला तुम्ही बोटे चाटत आलात, तिच्यात हात माझा आणि जीभ धाकटीची आहे. हे मी लपवले नाही. तुम्ही विचारले नाहीत.

७. म्हणून, माझ्या नावावरचे हे घर, त्यातले स्वयंपाकघर, टेबल, एकमेकींशी न जुळणाऱ्या सगळ्या खुर्च्या आणि उरलेली भांडीकुंडी, मी माझ्या धाकट्या सुनेला तिच्या एकटीच्या नावे देत आहे. तिने इथे राहावे, भाडेकरू ठेवावा की विकावे, ही तिची मर्जी. ती माझ्या रक्ताची नाही, हे मला कोणी सांगू नये. खाल्ल्या मिठाला जागा, असेही मी तुम्हाला म्हणणार नाही, कारण त्या दिवशीचे मीठ जरा जास्तच होते. एवढेच मागते, की तिला कोर्टाची पायरी चढायला लावू नका. मी गेल्यावर ती एका पिशवीनिशी रस्त्यावर उभी आहे, असे मला डोळे मिटले की दिसते. मला दुसरी कसलीही भीती नाही.

हे तिला ठाऊक नाही. कागद लिहायचा म्हणून मी तिला बाजारात पाठवले आहे.

८. धाकट्या मुलाला काही नाही. तो पोटचा आहे आणि त्याची आठवण येते, हे लिहायला मला लाज वाटत नाही. माफ मात्र केलेले नाही. तो कधी दारात आला तर त्याला पोटभर वाढावे. राहायला जागा द्यायची की नाही, ते घराची मालकीण ठरवील.

९. सुट्टीतले मोठे जेवण चालू ठेवावे अशी माझी इच्छा आहे, अट नाही. धाकटीने बोलावले तर जा. पदार्थ तीनच करा, आणि आदल्या दिवशी होण्यासारखे आदल्या दिवशी करा, म्हणजे जिने रांधले तिलाही तुमच्याबरोबर बसता येईल. कांदा घाईने परतू नका. कोंबडी आचेवरून उतरवली की तिला थोडे विसावू द्या, लगेच सुरी लावू नका. एरवी रोजच्याला उरलेला रस्सा गरम करून त्यात अंडे फोडावे, वर मिरपूड, सोबत पाव. याला गरिबी म्हणणाऱ्यांनी ते कधी खाल्लेले नाही.

आणि माझ्या नवऱ्याचा जेवणाचा नियम, त्याची क्षमा मागून, मी या कागदाने रद्द करते. तो त्याने मायेने घातला होता. पण त्या मायेत आम्ही एकमेकांना सांगायचे विसरलो. यापुढे या टेबलावर खारट असेल तर खारट म्हणावे.

साक्षीला मी थोरल्याला मुद्दाम बोलावले आहे. त्याला या कागदाने काही मिळत नाही, म्हणून तो साक्षीदार चालतो, असे वकील म्हणतात. सही करायची की नाही, हे त्याने ठरवावे. मी त्याला गळ घातलेली नाही. थोरल्या, तू माझा पहिला. तुझ्यावर माझा राग नाही.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, मोठ्याने वाचून दाखवला, आणि तो माझ्या मनासारखा उतरला आहे.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: वकिलांनी शिक्क्याखाली घातला आहे.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे डॉक्टर: (सही) बाई पूर्ण शुद्धीत आहेत. माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा, थोरला मुलगा: (सही) आईने वाचलं, मी ऐकलं. ऐकताना वाईट वाटलं, खोटं लिहीत नाही. वकिलांनी हरकत आहे का विचारलं. नाही. दलालाकडे या घराची एक किल्ली मी देऊन ठेवली होती, आईला ठाऊक नव्हतं. सही करण्याआधी जाऊन ती परत आणली. धाकटी नुकतीच बाजारातून आली, तिच्या हातात दिली. ती विचारते आहे, ही कशाची. आई म्हणते, तूच सांग. आता सांगतो.