चोवीस तारखेचा फ्रॉक

१ डिसेंबर

नवी वही. रोज चार ओळी. जास्त नाही.

यंदा योर्लेनिसचे चोवीस तारखेचे कपडे मी घेणार. तिच्या आईला, निल्साला, फोन करून सांगितलं. एकतीसचे, वर्षअखेरच्या रात्रीचे, तू घे, चोवीसच्या कपड्यांना मात्र हात लावू नकोस, असंही बजावलं. आईबाप वेगळे राहतात म्हणून पोरीने नाताळच्या रात्री जुने कपडे घालायचे, हे आमच्या माराकाइबो शहरात कुणी ऐकून घेणार नाही. निल्सा म्हणाली, "गेल्या वर्षीसारखे बसमध्ये हरवू नकोस म्हणजे मिळवलं."

गेल्या वर्षी पार्सल बसमध्ये हरवलं होतं. कपडे मी घेतलेच नव्हते, हा वेगळा मुद्दा.

३ डिसेंबर

निल्साचा फोन. पोरीला साइज विचारून घे म्हणाली. मी म्हटलं, चोवीस वर्षं काचा कापतोय, खिडकीकडे नुसतं बघून माप सांगतो, आणि पोटच्या पोरीचं माप विचारत बसू?

"खिडकी वाढत नाही, एउदोमार."

उत्तर सुचलं. तोवर तिने फोन ठेवला होता. आता आठवत नाही.

६ डिसेंबर

दाराच्या चौकटीवर योर्लेनिसच्या उंचीची खूण आहे, पेन्सिलची. त्या दोघी इथे राहत होत्या तेव्हाची. तारीख पुसट झाली आहे. जमिनीपासून खुणेपर्यंत दोरी धरली, गाठ मारली. वाढीसाठी दोन बोटं सोडली. आमच्या घराण्यात मुली सावकाश वाढतात. औरिस्तेलाताई माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण ती अपवाद.

८ डिसेंबर

मेडिकलच्या खिडकीची काच बोटभर आखूड पडली. चौकट वाकडी आहे.

११ डिसेंबर, सकाळी १०

योर्लेनिसचा फोन. शाळा, मैत्रिणी, उकाडा. मध्येच विचारते, पप्पा, तुझ्या शर्टाची कॉलर कितीची? बेचाळीस म्हटलं. बाह्या लांब होतात का? होतात, नेहमी बोटभर. तेराव्या वर्षी मुली काहीही विचारतात. पुढे काळ्या पँटबद्दल काहीतरी सांगत होती, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. ठेवला फोन. काळी पँट कशाला? घरात कुणी गेलेलं नाही.

१५ डिसेंबर

कपड्यांच्या दुकानात गेलो. दोरी नेली होती. विक्रेत्या बाईने विचारलं, मुलगी केवढी? मी छातीपाशी हात धरला. वय? तेरा. ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पावती जपून ठेवा, दादा. चोवीसच्या दुपारपर्यंत बदलून देऊ."

गुलाबी फ्रॉक घेतला. कमरेला बो. दोरीएवढ्या उंचीच्या मुलीला बरोबर.

परत येताना मेडिकलमध्ये थांबलो. या वेळी टेपने माप घेतलं. कागद नव्हता, पावतीच्या मागे लिहिलं.

१८ डिसेंबर

औरिस्तेलाताई नाताळच्या अयाका करायला आली, मक्याच्या पिठात सारण भरून पानात उकडायच्या त्या. केळीची पानं पुसताना तिला खुंटीवरचा फ्रॉक दिसला.

"गोड आहे. कुणाला?"

कुणाला म्हणजे? तिने आणखी दोन पानं पुसली. मग म्हणाली, "पोरीला शेवटचं कधी पाहिलंस?"

ऑगस्टमध्ये. तेव्हा ती निल्साच्या भावाच्या गाडीत बसली होती. बसलेल्या माणसाची उंची कळत नाही. हे ताईला बोललो नाही.

२२ डिसेंबर

बदलून आणावा का? पावती मेडिकलमध्ये राहिली आहे. दुसरी काचही बसली नाही, त्यामुळे मेडिकलवाल्याशी सध्या बोलणं नाही. शिवाय शंका घेणं बापाला शोभत नाही.

२४ डिसेंबर, संध्याकाळी ६

दार वाजलं. उघडलं. योर्लेनिस चौकटीत उभी. पेन्सिलची खूण तिच्या काखेशी.

घरातल्या कपड्यांवरच आली होती, इथे बदलायला. निल्साने दुसरं काही बरोबर दिलं नव्हतं. मीच बजावलं होतं. "पप्पा, दाखव ना! सगळ्यांना सांगून आलेय, यंदा पप्पाने घेतलेत."

पिशवी घेऊन आत गेली. बराच वेळ. शिवण उसवल्याचा आवाज आला.

"होतोय, पप्पा. थांब जरा."

रात्री ८

दुकानं बंद. गल्लीत गाणी, ढोल. एकेक घर बाहेर पडून नवे कपडे मिरवतंय. शेजारच्या ओदिलियाबाई दारात आल्या. "पोरगी कुठाय? बघू तरी काय घातलंय!" योर्लेनिस आतूनच म्हणाली, "मावशी, डोकं दुखतंय माझं."

मग माझ्यासमोर बसून दोन अयाका खाल्ल्या. डोकं दुखणारा माणूस दोन खात नाही. मी म्हटलं, त्या दुकानवालीने चुकीचा दिला. ती म्हणाली, "हो, पप्पा."

बाहेर गेलीच नाही.

२५ डिसेंबर

फ्रॉक ओदिलियाबाईंच्या मुलीला, दाइग्लिसला, देऊन टाकला. नऊ वर्षांची आहे. शिवण घातल्यावर अगदी मापात.

२६ डिसेंबर

दाइग्लिस फ्रॉक घालून पाच वेळा दारावरून गेली.

२७ डिसेंबर

सात वेळा. ओदिलियाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "एउदोमारने घेतला. काय नजर आहे माणसाची!"

२९ डिसेंबर

फ्रॉक धुऊन समोर वाळत घातला आहे. खिडकीला पडदा लावला. आखूड पडला.

३१ डिसेंबर

योर्लेनिस आली. काळी पँट, पांढरा ब्लाउज, निल्साने घेतलेले. उंच दिसत होती. उंच आहे.

ओदिलियाबाईंनी विचारलं, "कुणी घेतले गं हे?"

"पप्पांनी."

मी मान डोलावली. हे लिहायचं नव्हतं.

नंतर तिने मला एक पुडकं दिलं. खाऊचे पैसे साठवले होते म्हणे. निळा शर्ट. कॉलर बेचाळीस. बाह्या बरोबर मनगटाशी थांबतात. आजवर माझ्या कुठल्याच शर्टाच्या थांबल्या नाहीत. विचारलं, तुला कसं कळलं? ती हसली.

"कसं म्हणजे? तुला विचारलं ना."

१ जानेवारी

वही मागे चाळली. ११ डिसेंबर, सकाळी १०. विचारलं होतं. मी उत्तर दिलं होतं, बाह्यांसकट.

त्या पानावर मी तिला विचारलेला एकही प्रश्न नाही. इतर पानांवरही तिच्याविषयी तिला विचारलेला नाही.

शर्ट घालून बसलो आहे. तिचं माप मला अजूनही माहीत नाही.