नकाशात नसलेली एकोणतीस घरं

३ मार्च

चि. धाकट्यास, ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची सवय आहे, पण या वेळी ठीक नाही. काल गल्लीच्या तोंडाशी शहराच्या नव्या आराखड्याचा नकाशा लागला. आमची एकोणतीस घरं त्यात नाहीतच. तिथे पिवळा रंग मारून लिहिलंय, मोकळी जमीन, नव्या वसाहतीसाठी राखीव. आम्ही काय हवेत राहतो? आईला आता अजिबात दिसत नाही. भिंती चाचपत ती न्हाणीघरापर्यंत एकटी जाते, तेवढाच तिचा रुबाब उरलाय. हे घर गेलं तर तिला कुठे नेऊ?

नकाशे तुमच्याच मुख्य कचेरीत होतात ना? ही कुणा दिवट्याची करामत आहे ते शोध आणि त्याचे कान उपट. हरकतीला महिन्याचीच मुदत आहे.

काळजीत पडलेली,
ताई

१० मार्च

ती. ताईस, सा. न.

पत्र मिळालं. घाबरू नकोस, हरकतीचा अर्ज दे. मी बघतो. आईला जप. कामाची घाई आहे.

धाकटा

१७ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

नापास झाल्याचं कळवतानाही तू एवढं त्रोटक लिहिलं नव्हतंस. अर्ज दिला. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, की जागेवर पाहणी झाल्याची सही आहे, नुसत्या तक्रारीने काही बदलणार नाही. शेजारचे सुतारकाका रोज विचारतात, तुमचा भाऊ काय म्हणतो. काय सांगू?

उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई

२२ मार्च

ती. ताईस, साष्टांग नमस्कार.

तो दिवटा मीच. साहेबांनी जागेवर जाऊन यायला सांगितलं होतं. मी ऐटीत म्हटलं, की तिथे मी लहानाचा मोठा झालोय, दगडन् दगड ठाऊक आहे. टेबलावर बसूनच नकाशा काढला आणि पाहणी केल्याची सही ठोकली. आपलं खेळायचं मैदान काढलं गं मी. तुम्ही त्यावर घर बांधलंत हे पत्रातून कळलं होतं, पण डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, म्हणून हाताला आठवलंच नाही. येतो येतो म्हणत अकरा वर्षं गेली. दर महिन्याला पाकिटावर त्याच घराचा पत्ता लिहितो. लाज वाटते मला.

सोबत माझा कबुलीजबाब आहे. अर्जाला जोड. नोकरीचा विचार करू नकोस.

क्षमा मागायलाही तोंड नसलेला,
धाकटा

८ एप्रिल

चि. धाकट्यास, पोटभर आशीर्वाद.

तुझा कागद पाच दिवस शिलाई मशीनच्या खणात ठेवला. इकडे आई, तिकडे तू. मुदत संपायच्या आदल्या दिवशी जोडला आणि कचेरीच्या पायरीवर बसून रडले. काल फेरमोजणीचा हुकूम निघाला. तुला घरी बसवलंय हेही त्याच खिडकीवर कळलं.

आईला सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्याला आता सवड आहे तर ये म्हणावं. घर सापडायचं नाही, मीच थांब्यावर उभी राहीन. मला वाटलं, गंमत करतेय. पण कालपासून ती माझा हात सोडून फाटक ते बसथांबा अशा खेपा घालतेय, पावलं मोजत.

लवकर ये.

तुझी,
ताई