वेल्सचं वेगळं बिऱ्हाड

आई,

हिशेबाचं काही तुला विचारावं, असं कधी वाटलं नव्हतं. घरातले पैसे आधी काकांकडे असायचे आणि नंतर बाबांकडे. पण आज विचारायचं आहे ते तुलाच. तू गेलीस तेव्हा पाळण्यात होती ती तुझी नात आता वेल्समध्ये, स्वान्सीला घर घेते आहे. इथे लंडनला, माझ्याजवळच्या हॉस्पिटलातली नोकरी चालून आली होती, ती तिनं नाकारली. तिकडेच फिजिओथेरपिस्ट म्हणून राहायचं म्हणते. तेवढ्यावर थांबली असती तर मी गप्प बसले असते, पण उद्या वेल्सनं स्वतंत्र व्हावं का असं कुणी विचारलंच, तर बाईसाहेब 'हो' म्हणणार आहेत. मागच्या आठवड्यात मला वाचायला ढीगभर कागद पाठवले आणि फोनवर म्हणाली, "मम्मा, तू इतकी वर्षं कौन्सिलच्या फायनान्समध्ये आहेस ना, मग वाच आणि खरं सांग. वेल्सला अफोर्ड होईल का? संडेला येते, तेव्हा बोलू." म्हणजे या वयात मला परीक्षेला बसवलंय.

तर वाचते आहे. सुरुवात स्कॉटलंडपासून केली, कारण ते थोरलं प्रकरण. त्यांनी एकदा मतदान करून बघितलं, 'नको' म्हणणारे जिंकले, पण विषय काही मिटला नाही, आणि पुन्हा मत घ्यायचं तर लंडनचा होकार लागतो. सरकारी ताळेबंद म्हणतो की तिथे जमणाऱ्या करापेक्षा खर्च जास्त. समुद्रातल्या तेलाचे पैसे धरले की चित्र जरा बरं दिसतं, पण ते एखाद्या वर्षी भरभरून देतं, एखाद्या वर्षी पाठ फिरवतं, आणि पुढे कमीच होत जाणार. शिवाय पौंड ठेवायचा की स्वतःचं चलन काढायचं, यावर त्यांच्यातच एकमत नाही. वेल्सकडे तर तेलही नाही. कोळसा होता, त्या खाणी बंद पडल्या. पगार कमी, म्हातारी माणसं जास्त, मधली तूट लंडन भरून काढतं. वाचता वाचता मी मनात निकाल देऊन टाकला होता की परवडणार नाही. मग एका ओळीशी अडकले. वेल्सच्या नावावर मांडलेल्या खर्चात सैन्याचा आणि देशाच्या कर्जाच्या व्याजाचाही वाटा धरलाय, डोकी मोजून. वेगळं झाल्यावर तेवढंच सैन्य हवं का, त्या कर्जातलं किती अंगावर घ्यायचं, हे अजून कुणी ठरवलेलंच नाही. तिथे मला काकांच्या घरातलं स्वयंपाकघर आठवलं.

लंडनला, हॅरोच्या त्या घरात आपण वरच्या दोन खोल्यांत. बाबांचा पगार काकांच्या हातात, आणि वाणसामानाला पैसे हवे असले की तू काकांसमोर. बाबांना वेल्सच्या खाणींच्या गावात हॉस्पिटलात नोकरी मिळाली तेव्हा तू म्हणालीस, जाऊ या, आणि पगार आपल्याकडेच ठेवू या. काका चिडले नाहीत. त्यांनी तुला टेबलाशी बसवलं आणि आपल्यावर काय काय खर्च होतो ते शांतपणे सांगितलं: घराचा हप्ता, बिलं, गाडी, भारतातून येणाऱ्या पाहुण्यांची सरबराई, सगळ्यात निम्मा वाटा. दर महिन्याला मीच तुमच्यात भर घालतोय, तुम्हाला एकट्यानं झेपणार नाही, म्हणाले. मी समोर बसून मेथी निवडते आहे. तू पदराला हात पुसतेस आणि म्हणतेस, "भाऊजी, गाडीचा निम्मा वाटा आमच्या नावावर धरलात. मी त्या गाडीत बसले कधी?" काकू सिंककडे तोंड करून हसतात. काका हसत नाहीत.

एवढीच गोष्ट लेकीला सांगितली तर ती उड्या मारेल. पण तुझंही गणित चुकलं होतं, तेही सांगायला हवं. काकू आम्हाला शाळेतून आणायच्या, आजारपणात सांभाळायच्या, त्याची किंमत तू कुठे धरली होतीस? पहिल्या हिवाळ्यात आपण एकच खोली गरम ठेवायचो आणि घरात कोट घालून वावरायचो. एकदा काकांना फोन लावायला तू रिसीव्हर उचललास आणि परत ठेवलास. मग तू शाळेच्या कॅन्टीनमध्ये नोकरी धरलीस. हॅरोत ती तुला कुणी करू दिली नसती, त्यामुळे काकांच्या हिशेबात ती येणं शक्यच नव्हतं. दोघंही चुकलात आणि तरी आपलं निभावलं. घर म्हणजे देश नव्हे, हे मला कळतं. घराला लाखो म्हाताऱ्यांना पेन्शन द्यावं लागत नाही. तरी मला फार उत्सुकता आहे: तू आधी हिशेब केलास आणि मग ठरवलंस, की ठरवून टाकलंस आणि मग हिशेब केलास? आणि काकांना खरंच पैशांचीच काळजी होती का? काकू पुढे एकदा म्हणाल्या होत्या की आपण गेल्यावर ते कितीतरी दिवस वरच्या खोल्यांकडे फिरकले नाहीत.

इथवर लिहून ठेवलं होतं. काल रविवारी लेक येऊन गेली. मी तिला प्रामाणिकपणे सांगितलं की स्कॉटलंडला सुरुवातीची वर्षं कठीण जातील, पण कदाचित जमेल. वेल्सला फारच जड जाईल. आणि आजच्या ताळेबंदावरून उद्याचं सगळं कळत नाही. तिनं शहाण्यासारखं ऐकून घेतलं, वाद घातला नाही. मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, "आणि हिशेब जुळत असता, तर तू हो म्हणाली असतीस?" मी उठून चहा टाकला. ती वाट बघत राहिली, आणि मी तिला स्वान्सीच्या घराला बाग आहे का ते विचारलं.

हे पत्र तुला पोचणार नाही ते बरंच आहे, नाहीतर तू आधी तिला फोन करून सांगितलं असतंस. माझं उत्तर 'नाही' असं आहे, आई. सगळे आकडे जुळले असते तरी मी कुठूनतरी तूट शोधून काढली असती. मला ती इथे, माझ्याजवळ हवी आहे.