चादरीचं दुसरं टोक

ती. वन्संना नमस्कार.

तर आज सकाळी दूध तापवलं, केर काढला, चादर एका बाजूने खोचली आणि पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने ओढली. (तुमचा भाऊ होता तेव्हा दुसरं टोक तो धरायचा. तीन वर्षं झाली, पण त्या वळशाची सवय होत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे हे आधी विचारायला हवं होतं, विचारलं असं समजा.

मग शाळेत जाऊन नर्सिंगच्या मुलींना तेच शिकवलं, रोग्याचा पलंग. आमच्या प्राचार्यबाई मनाने वाईट नाहीत, पण दुसऱ्याचा तास सुरळीत चाललेला त्यांना बघवत नाही. दार न वाजवता येतात, चादरीचा कोपरा ओढून नीट करतात (तो नीटच असतो) आणि जातात. मागे मुली खुसखुसतात आणि माझं शिकवणं तिथेच आटोपतं.

त्यात वरून कागद आला: शिक्षिका नोकरीत समाधानी आहेत का, नाव न लिहिता कळवावे. बाईंनी आम्हा सातजणींना आपल्याच खोलीत बसवलं आणि पाठीमागे फेऱ्या मारत राहिल्या. "मोकळ्या मनाने लिहा हं," म्हणाल्या आणि माझा कागद सरळ केला. सहाजणींनी 'पूर्ण समाधानी' लिहिलं. मी लिहिलं, 'बाईंनी दार वाजवावं. कोपरा माझा मला ओढू द्यावा.' नाव नव्हतं, पण पलंगाचा तास घेणारी मी एकटीच, हे बाहेर आल्यावर लक्षात आलं.

तुमची वहिनी

ता.क. गुडघ्याचं निमित्त होतं. तुमच्या शाळेत जागा आहे म्हणालात, ती मला द्या. राजीनामा लिहून वर्गातल्या पलंगावर रोगी म्हणून निजवतो त्या सरावाच्या बाहुलीच्या उशीखाली ठेवलाय. घरी आणला तर मीच फाडीन.

आणखी एक ता.क. पत्र टाकायचं राहिलं, म्हणून दुसऱ्या दिवशीचंही सांगते. तास चालू असताना दार वाजलं. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, असं कधी झालंच नव्हतं. बाई म्हणाल्या, "येऊ का? दुसरं टोक धरते." मी हो म्हटलं. चादर एका झटक्यात ताठ बसली; मला वळसा घालावा लागला नाही. जाता जाता त्यांनी कोपरा ओढलाच. मी त्यांच्यादेखत तो सोडवून माझ्या पद्धतीने खोचला. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या, पण हात शिवशिवत होते बिचारीचे.

जागा दुसऱ्या कोणाला द्या. मुली गेल्यावर मी बाहुलीची उशी उचलली, कागद फाडला आणि पुढच्या तासाला गेले.